इंजेक्शन की गोळी? त्याआधी डॉक्टरांना एक गोष्ट सांगा

पत्र थोडक्यात : वय २९. पुण्यात सिंहगड रस्त्याला सासरी राहते, बँकेत नोकरी. लग्नाला तीन वर्षं झाली. बाळाचा विचार सुरू केला म्हणून रक्त तपासलं, तर हिपॅटायटिस बी निघाला. त्यानंतरच्या आठ महिन्यांत एसजीपीटी (लिव्हर दुखावलं की रक्तात वाढणारं एन्झाइम) सतत १३० ते १६०च्या दरम्यान, ई-अँटिजेन (विषाणू जोरात वाढत असल्याची खूण) पॉझिटिव्ह, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, कोटींच्या घरात. फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते बघणारी तपासणी, चांगला आहे. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. एक, पेगइंटरफेरॉनचं इंजेक्शन, आठवड्याला एक, असे ४८ आठवडे. दुसरा, टेनोफोव्हिरची रोज एक गोळी, किती वर्षं ते आत्ता सांगता येणार नाही. "घरी बोलून ठरवा," म्हणाले. नवऱ्याचं म्हणणं, "एक वर्ष सोस, सगळं साफ होईल, मग बाळाचं बघू. जन्मभर गोळ्या कशाला?" सासूबाईंना बाळ लांबवायचं नाही. 'पांढरी कावीळ' म्हणून त्यांनी सुनेचं ताट-वाटी वेगळं केलं आहे, आणि सासवडच्या बाजूला कोणी माळ घालून कावीळ उतरवतात, तिथे जायचा त्यांचा आग्रह आहे. चुलतसासऱ्यांनी १५-१६ वर्षांपूर्वी हिपॅटायटिस सीसाठी हीच इंजेक्शनं घेतली होती. वर्षभर ताप, केस गळले, घरच्यांच्या अंगावर धावून जायचे. "मला दोन्हीची भीती वाटते. गोळ्या चालू असताना दिवस गेले तर बाळाला काही होईल का? आणि हे मला झालंच कुठून, असं नवरा विचारत नाही, पण त्याच्या मनात आहे. जाता जाता सांगते, कॉलेजात असताना मी दोन वर्षं डिप्रेशनच्या गोळ्या घेतल्या होत्या, एकदा दवाखान्यात दाखलही केलं होतं. सासरी कुणालाच माहीत नाही. लिव्हरच्या डॉक्टरांकडे नवरा कायम बरोबर असतो, म्हणून तिथेही बोलले नाही. त्याचा याच्याशी काही संबंध नसावा."

प्रिय मैत्रिणी,

जे तुम्ही 'जाता जाता' लिहिलं आहे, तिथूनच सुरुवात करते. इंजेक्शन की गोळी हा प्रश्न तुम्ही बाळ, सासूबाई, नवऱ्याचं मत आणि चुलतसासऱ्यांचे हाल यांच्या आधारानं सोडवायला बघताय. पण त्याचं निम्मं उत्तर पत्राच्या त्या शेवटच्या ओळींत आहे. संबंध आहे, आणि फार जवळचा आहे.

इंटरफेरॉन मनावर परिणाम करतं. हिपॅटायटिस सीसाठी ते घेणाऱ्या रुग्णांच्या अभ्यासांत साधारण चारांतल्या एकाला उपचार चालू असताना डिप्रेशन आल्याचं दिसलं आहे. त्यांतल्या कित्येकांना आधी कधी तसा त्रास नव्हता. ज्यांना पूर्वी होऊन गेला आहे त्यांना धोका जास्त. बी साठी देतात तेव्हा हे प्रमाण कमी आढळतं, पण औषध तेच आणि धोक्याची जातही तीच. झोप उडते, चिडचिड होते, कशात जीव लागत नाही, उगाच रडू येतं, आणि काही जणांच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात. म्हणूनच हे इंजेक्शन सुरू करण्याआधी 'पूर्वी डिप्रेशन होतं का, औषधं घेतली होती का' हे विचारायचंच असतं. तुमच्या डॉक्टरांनी ते विचारलं की नाही, पत्रातून कळत नाही. कदाचित विचारलंही असेल आणि नवरा शेजारच्या खुर्चीत असल्यामुळे तुम्ही मान हलवून 'नाही' म्हटलं असेल. असं कितीतरी बायका करतात, आणि त्यात त्यांना दोष देण्यासारखं मला काही दिसत नाही. आपल्याकडे ओपीडीत बाईला एकटीला बोलायची संधी मिळणंच मुश्कील असतं.

एक स्पष्ट करते. पूर्वी डिप्रेशन होतं म्हणजे इंटरफेरॉन कधीच नाही, असा सरसकट नियम नाही. आजार आज तीव्र असेल, ताब्यात नसेल, तर देत नाहीत. पूर्ण बरं होऊन बराच काळ गेला असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून, त्यांच्या देखरेखीखाली देता येतं. पण हा धोका माणूस पत्करतो तो दुसरा चांगला मार्ग नसेल तेव्हा. तुमच्यापुढे तो आहे. डॉक्टरांनी दोन्ही पर्याय सारख्याच तोलाचे म्हणून मांडले, ते ही माहिती हाती नसताना. माहिती मिळाली तर बहुधा ते स्वतःच एका बाजूला झुकतील.

तेव्हा पहिलं काम हे. पुढच्या खेपेला डॉक्टरांशी एकटीनं बोला. नवऱ्याला घरी ठेवून यायला जमत नसेल तर वजन-बीपी बघणाऱ्या सिस्टरना हळूच सांगा की मला डॉक्टरांशी पाच मिनिटं एकटीला बोलायचंय. तपासायच्या टेबलावर पडद्याआड असतानाही सांगता येतं. तेही अवघड वाटलं तर चिठ्ठी लिहून न्या: कोणत्या वर्षी, कोणती गोळी, किती दिवस, कधी दाखल केलं होतं, शेवटची गोळी कधी घेतली. जुन्या डॉक्टरांचा कागद माहेरी असेल तर त्याचा फोटो मागवून घ्या. आणि डॉक्टरांना सांगा की हे माझ्या घरच्यांना कळू द्यायचं नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आपल्या मानसिक आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय राखण्याचा हक्क तुम्हाला दिलेला आहे. नवरा म्हणून त्याला तो कागद आपोआप बघायला मिळत नाही.

नवऱ्याला सांगायचं का, कधी सांगायचं, हा वेगळा प्रश्न आहे. त्याची घाई करू नका, आणि या निर्णयाला तो बांधूही नका. डॉक्टरांना सांगण्यासाठी नवऱ्याची परवानगी लागत नाही, हे मात्र पक्कं धरा.

आता नवऱ्याच्या त्या वाक्याकडे येऊ: एक वर्ष सोस, सगळं साफ होईल. ते प्रेमानं म्हटलेलं असेल. पण त्यात धरून चाललेली गोष्ट बरोबर नाही.

इंटरफेरॉन हे मुळात आपल्याच शरीरातलं प्रथिन. १९५७ साली लंडनमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि ज्याँ लिंडेनमान यांनी ते शोधलं. पेशीत विषाणू शिरला की ती पेशी हे प्रथिन बाहेर सोडते. त्यामुळे आसपासच्या पेशी सावध होऊन विषाणूची वाढ अडवणारी यंत्रणा चालू करतात, शिवाय रोगप्रतिकारक पेशींनाही चेव येतो. फ्लूमध्ये जो ताप येतो, अंग मोडून येतं, त्याला काही अंशी आपलंच इंटरफेरॉन कारणीभूत असतं. म्हणूनच ते बाहेरून टोचलं की पहिल्या काही आठवड्यांत हुबेहूब फ्लूसारखं वाटतं. हिपॅटायटिस सीसाठी त्याला अमेरिकेत १९९१ साली मान्यता मिळाली, बी साठी १९९२ साली. तेव्हा आठवड्यातून तीनदा, काहींना रोज टोचावं लागे. पुढे त्याला पॉलिइथिलीन ग्लायकॉलची शेपटी जोडली, त्यामुळे ते शरीरात जास्त टिकू लागलं आणि आठवड्याला एक इंजेक्शन पुरू लागलं. 'पेग' म्हणतात ते हेच.

म्हणजे हे औषध विषाणूला थेट मारण्यापेक्षा तुमच्या शरीराला लढायला उठवतं. शरीर किती उठतं ते माणसागणिक वेगळं. ई-अँटिजेन पॉझिटिव्ह असणाऱ्या शंभर जणांनी ४८ आठवड्यांचा कोर्स पूर्ण केला, तर सहा महिन्यांनी साधारण तिसांच्या बाबतीत ई-अँटिजेन जाऊन त्याची अँटिबॉडी तयार झालेली दिसते. ही चांगली पायरी आहे. त्यानंतर विषाणू पुष्कळदा दबून राहतो आणि लिव्हरवरचा मारा थांबतो. पण नवऱ्याला जे 'साफ' अपेक्षित आहे, म्हणजे विषाणू अंगात असल्याची मूळ खूण असलेलं रक्तातलं एस-अँटिजेनच जाणं, ते तेवढ्या काळात शंभरांत तीन ते सात जणांनाच साधतं. या बी विषाणूचेही जनुकीय पोटप्रकार असतात (हिपॅटायटिस ए, बी, सी हे वेगळे); तो पोटप्रकार ए किंवा बी असेल तर प्रतिसाद बरा मिळतो. भारतात डी आणि ए हे प्रकार जास्त आढळतात, आणि डी या औषधाला त्यामानानं कमी दाद देतो. तुमच्या बाजूनं जमेला काय धरायचं? तरुण वय, वाढलेलं एसजीपीटी आणि न कडकलेलं लिव्हर. हे खरं आहे, म्हणूनच डॉक्टरांनी हा पर्याय मुळात काढला. पण शंभरांतले साधारण सत्तर जण वर्षभर सोसूनही शेवटी गोळ्यांवरच येतात. हा आकडा नवऱ्याला माहीत असायला हवा.

गोळीबद्दलही घरात एक चुकीची समजूत दिसते. 'जन्मभर' या शब्दाचा धसका बसला आहे. टेनोफोव्हिर विषाणूला नवीन प्रती काढू देत नाही. वर्षभरात बहुतेकांचा व्हायरल लोड मोजता येणार नाही इतका खाली येतो, एसजीपीटी उतरतं, आणि काही वर्षं घेतल्यावर लिव्हरला आलेला कडकपणासुद्धा कमी झालेला दिसतो. इतक्या वर्षांच्या वापरातही या गोळीला न जुमानणारा विषाणू जवळपास आढळलेला नाही. मग ती बंद का करता येत नाही? कारण विषाणूची मूळ प्रत लिव्हरच्या पेशीच्या केंद्रकात दडून राहते, आणि तिथे गोळी पोचत नाही. भांडं कितीही निपटलं तरी कडेला थेंबभर विरजण राहिलं तर दुसऱ्या दिवशी दूध पुन्हा विरजतं, तसा प्रकार. म्हणून मनानं गोळी सोडली तर विषाणू उसळतो आणि एखाद्याचं लिव्हर त्यात निकामीही होऊ शकतं. पण तुमच्यासारख्या ई-पॉझिटिव्ह रुग्णात गोळीवर असतानाच ई-अँटिजेन गेलं, अँटिबॉडी आली, आणि त्यानंतर निदान वर्षभर गोळी चालू ठेवून सगळं स्थिर राहिलं, तर डॉक्टरांच्या नजरेखाली ती थांबवून बघता येते. पहिल्याच वर्षात शंभरांतल्या वीसेक जणांत ही पायरी येते, पुढे दरवर्षी आणखी काहींच्यात. तेव्हा 'किती वर्षं ते सांगता येणार नाही' याचा अर्थ 'मरेपर्यंत' असा घेऊ नका. आणि समजा पुष्कळ वर्षं घ्यावी लागलीच, तर बीपीची, थायरॉइडची गोळी आपल्या घराघरांत वर्षानुवर्षं घेतलीच जाते की. कोणी तिला शिक्षा म्हणत नाही. मूत्रपिंडं आणि हाडं यांच्यावर थोडा परिणाम होऊ शकतो, म्हणून क्रिएटिनिन आणि लघवी ठरावीक काळानं तपासायची. तेवढी शिस्त पाळावी लागते.

आता बाळ. तुमच्या घरात सगळे एक गोष्ट गृहीत धरून बसले आहेत की आधी विषाणू जायला हवा, मग बाळ. हे कोणी सांगितलं? विषाणू अंगात असताना आई होता येतं, आणि बाळाला तो लागू न देताही होता येतं.

उलट इंजेक्शनचा मार्ग घेतला तर बाळ जास्त लांबतं. इंटरफेरॉन चालू असताना गर्भ राहता कामा नये, ४८ आठवडे पक्कं गर्भनिरोधन लागतं, आणि संपल्यावरही किती थांबायचं ते डॉक्टर सांगतात. म्हणजे वर्षभर तरी गेलंच. टेनोफोव्हिर मात्र दिवस राहण्याआधीपासून चालू असलं तरी चालतं. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी असलेल्या हजारो गरोदर स्त्रियांनी ते अगदी पहिल्या महिन्यांपासून घेतलं आहे, आणि त्यामुळे बाळांमध्ये व्यंगाचं प्रमाण वाढल्याचं दिसलेलं नाही. अंगावर पाजतानाही चालतं. एन्टेकॅव्हिर ही दुसरी चांगली गोळी आहे, पण बाळाचा विचार असेल तर टेनोफोव्हिरच निवडतात. डॉक्टर गोळी बदलायला निघाले तर बाळाचं त्यांना आवर्जून आठवण करून द्या.

काहीच केलं नाही, तर ई-पॉझिटिव्ह आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता शंभरांत सत्तर ते नव्वद इतकी मोठी आहे, आणि जन्मताना लागण झालेल्या दहांपैकी नऊ बाळांत हा आजार कायमचा मुक्काम ठोकतो. हीच शक्यता बाळाला जन्मताच दिलेल्या लसीनं आणि इम्युनोग्लोब्युलिननं (तयार अँटिबॉडीच्या इंजेक्शननं) शंभरांत दहाच्या खाली येते, आणि आईचा व्हायरल लोड गोळीनं आधीच उतरलेला असेल तर जवळजवळ नाहीशी होते. केवळ या कारणासाठी सिझेरियन करायची गरज नसते. गोळी घेऊन तुम्ही बाळालाच जपत असता. सासूबाईंना नेमकं एवढंच सांगा, कारण त्यांना हवं आहे ते बाळ, आणि गोळीचा मार्ग त्यांच्याही बाजूचा आहे.

हे मला झालंच कुठून? नवऱ्याच्या मनात आहे असं तुम्ही लिहिलंत, पण मला वाटतं तो प्रश्न तुमच्याही मनात काट्यासारखा रुतला आहे. ऐका. मोठ्या वयात हा विषाणू शिरला तर शंभरांतले पंचाण्णवहून अधिक लोक काही महिन्यांत तो स्वतःच हटवतात. ज्यांच्यात तो ठाण मांडतो, त्यांतल्या बहुतेकांना तो जन्माच्या वेळी किंवा अगदी लहानपणी लागलेला असतो. तिशीच्या आत, ई-पॉझिटिव्ह, कोटींचा व्हायरल लोड, हे चित्र त्याच बाजूला बोट दाखवतं. तुम्ही जन्मलात तेव्हा ही लस सरकारी लसीकरणात नव्हती. देशभर ती सगळ्या बाळांना मिळू लागली २०११च्या सुमारास. तेव्हा तुमच्या आईला हा संसर्ग असेल आणि तिला स्वतःलाही पत्ता नसेल, हे अगदी शक्य आहे. किंवा लहानपणी न उकळलेल्या सुईनं टोचलेलं एखादं इंजेक्शन, कान टोचणं, घरातलाच कोणी मोठा माणूस. यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न येत नाही, तुमच्याही नाही आणि आईच्याही नाही. आईला, भावंडांना, असतील तर मावशी-मामांना एचबीएसएजी, म्हणजे एस-अँटिजेनची साधी रक्ततपासणी करायला लावा. हे आईला सांगताना तुमचा आवाज जड होईल, मला कल्पना आहे. तरी सांगा. तिला आज काही होत नसेल, आणि म्हणूनच आज कळणं तिच्या फायद्याचं आहे. घरात कोणाला लिव्हरचा कॅन्सर झाला होता का, हेही त्याच वेळी विचारून घ्या. उत्तर हो असेल तर तुमच्या डॉक्टरांना ते माहीत हवं.

नवऱ्याची तपासणी झाली का, हे पत्रात कुठेच नाही, आणि मला याचं नवल वाटलं. आठ महिने झाले! त्याला एचबीएसएजी आणि दोन्ही अँटिबॉडीज (अँटि-एचबीएस आणि अँटि-एचबीसी) तपासायला सांगा. संसर्ग नसेल आणि संरक्षणही नसेल, तर लसीचे तीन डोस: आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी. मग अँटिबॉडी तयार झाली का ते बघायचं, आणि तोवर निरोध वापरायचा. बाळाच्या प्रयत्नांना लागण्याआधी हे उरकायला हवं, म्हणून आजच सुरुवात करा. ही लस आपल्या हडपसरला सीरम इन्स्टिट्यूटमध्येही बनते, कुठल्याही दवाखान्यात मिळते आणि महाग नाही. सासू-सासऱ्यांनीही तपासून घ्यावं, लस घ्यावी.

लस घेतलेल्या घरात ताट वेगळं ठेवायला काही कारणच उरत नाही. खरं तर तसंही नाही. हा विषाणू जेवणातून, पाण्यातून, एकाच ताटात जेवल्यानं, शिंकण्या-खोकण्यातून किंवा मिठीतून पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला पसरतो. वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर, आणि कापलं-खरचटलं तर जखम झाकून घ्यायची. मी सासूबाईंना वाईट ठरवत नाही. पुण्यात पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणाऱ्या काविळी त्यांनी आयुष्यभर पाहिल्या असतील. त्या ए आणि ई, त्यांत स्वच्छतेचा संबंध असतो. बी ची गोष्ट वेगळी. हे तुम्ही सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलं तर लवकर पटतं, म्हणून एका खेपेला त्यांनाच बरोबर न्या. नवऱ्याला त्या दिवशी ऑफिसला जाऊ द्या.

सासवडच्या माळेबद्दल थोडक्यात. ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप उतरते, आणि श्रेय माळेला जातं. तुमच्या अंगात जुना विषाणू आहे, डोळे पिवळे नाहीत, उतरायला काही दिसतच नाही. माळ घातल्यानं अपाय नाही, पण सोबत पोटात घ्यायला काही पाला, काढा, पुडी दिली तर ठाम नाही म्हणा. त्यात काय आहे हे कळायला मार्ग नाही, आणि दुखावलेल्या लिव्हरवर अशा औषधांनी आणखी घाव बसल्याचे रुग्ण डॉक्टरांना नेहमी भेटतात.

चुलतसासऱ्यांची गोष्ट मला महत्त्वाची वाटते, तुमच्यासाठी नव्हे, त्यांच्यासाठी. त्यांचा आजार सी होता, तुमचा बी. त्या काळी इंटरफेरॉनबरोबर रिबाव्हिरिनच्या गोळ्या असत, त्यांनी रक्त कमी होई, त्यामुळे थकवा दुप्पट. बी मध्ये रिबाव्हिरिन देत नाहीत. त्यांच्या अंगावर धावून जाण्याचं मात्र मला राहून राहून वाईट वाटतं. तो त्यांचा स्वभाव नव्हता, औषधाचा परिणाम असण्याची दाट शक्यता आहे, आणि घरानं इतकी वर्षं तो त्यांच्या नावावर जमा धरला. दिवाळीत सगळे भेटाल तेव्हा हे कोणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं. दुसरं म्हणजे, त्या उपचारानं तेव्हा कित्येकांचा विषाणू जातच नसे. त्यांचा गेला होता का, हे कोणी नंतर तपासलं? सी चा विषाणू पेशीच्या केंद्रकात दडत नाही, त्यामुळे तो मुळापासून जाऊ शकतो. २०१३ साली सोफोसबुव्हिर आलं आणि चित्र पालटलं. आता सोफोसबुव्हिर-वेलपाटासव्हिरसारख्या गोळ्या साधारणपणे १२ आठवडे घेतल्या की शंभरांतले पंचाण्णवहून जास्त बरे होतात, एकही इंजेक्शन न घेता. 'मी एकदा भोगलंय, पुन्हा नाही' म्हणून तपासणी टाळणारे त्यांच्या वयाचे पुष्कळ लोक आहेत. हे वाचणाऱ्या ज्यांच्या घरी असा कोणी असेल, त्यांनी सी चा विषाणू रक्तात अजून आहे का ते सांगणारी एचसीव्ही आरएनए ही तपासणी एकदा करून घ्यावी.

इतकं सगळं वाचून, डॉक्टरांना सगळं सांगून, मानसोपचारतज्ज्ञांचा हिरवा कंदील मिळाल्यावरही इंजेक्शनच घ्यायचं असं तुम्ही ठरवलंत, तर ते वेडेपणाचं ठरत नाही. कोर्सला शेवट आहे, ही त्याची खरी जमेची बाजू. आणि ज्यांना हा धोका नाही अशा वाचकांसाठीही लिहिते. आमच्याकडे नोकरी करणारे रुग्ण इंजेक्शन शुक्रवारी रात्री घेत, म्हणजे ताप शनिवार-रविवारी निघून जाई. आधी पॅरासिटामॉल, पण किती ते डॉक्टरांना विचारून. भरपूर पाणी. इंजेक्शन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, थायरॉइड आणि एसजीपीटी यांवर नियमित लक्ष लागतं. मध्येच एसजीपीटी चढलं तर घाबरून स्वतःहून थांबायचं नाही, शरीर लढायला लागल्याचंही ते लक्षण असू शकतं, डॉक्टर ठरवतील. केस गळतात, पण उपचार संपल्यावर येतात. १२व्या आठवड्याला एस-अँटिजेनचं प्रमाण मोजतात. ते तसूभरही उतरलं नसेल तर पुढचे ३६ आठवडे सोसण्यात फारसा अर्थ नसतो, तेव्हा थांबण्याबद्दल डॉक्टरांशी बोलायला कचरू नका. ज्यांचं लिव्हर आधीच हार मानू लागलंय, पोटात पाणी झालंय, त्यांना आणि गरोदर बायकांना हे औषध देत नाहीत. आणि घरात एका तरी माणसाला मनाच्या लक्षणांची यादी माहीत हवी. आता पाहा, तुम्ही इंजेक्शन घेतलंत तर तुमच्या घरात हे माणूस कोण असेल? ज्या घरात जुनं डिप्रेशन सांगायची सोय नाही, तिथे नवं आलं तर कोण ओळखणार? माझा कौल गोळीकडे झुकतो त्यामागे हेही एक कारण आहे.

यातलं काही न करताही, केवळ या आठ महिन्यांच्या ताणानं, जुनी लक्षणं डोकं वर काढताहेत असं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं, दिवसरात्र चालू असतो.

पैशांचंही बघून घ्या. पेगइंटरफेरॉन महाग, आठवड्याला काही हजारांचा हिशोब. टेनोफोव्हिर स्वस्त आहे, आणि २८ जुलै २०१८पासून चालू असलेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सी च्या तपासण्या आणि गोळ्या सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. पुण्यात ससूनला किंवा जिल्हा रुग्णालयात जाऊन या कार्यक्रमाचं केंद्र कुठे आहे ते विचारा. खासगी डॉक्टर सोडायची गरज नाही, औषध तिथून घेऊन सल्ला त्यांचा चालू ठेवणारे पुष्कळ आहेत.

आणि दिवस गेल्यावर एक काम लक्षात ठेवून करा. सातव्या महिन्यात प्रसूतिगृहाला विचारा की हिपॅटायटिस बी चं इम्युनोग्लोब्युलिन तुमच्याकडे असतं का, की आम्ही आधी मागवून ठेवायचं? ते बाळाला जन्मल्यावर शक्यतो १२ तासांत आणि लसीचा पहिला डोस २४ तासांच्या आत, दोन वेगवेगळ्या मांड्यांत देतात. लहान प्रसूतिगृहांत ते पुष्कळदा ठेवलेलं नसतं, आणि रविवारी पहाटे बाळ झालं तर धावाधाव होते. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं 'एचबीएसएजी पॉझिटिव्ह, बाळाला जन्मतः लस व इम्युनोग्लोब्युलिन' असं लिहून घ्या. प्रसूतीनंतर तुमचं एसजीपीटी काही महिने नेमानं तपासायचं, कारण त्या काळात विषाणू उसळू शकतो, आणि बाळाच्या रक्ताची तपासणी नऊ महिने पूर्ण झाल्यावर करायची, त्याआधी नाही.